नियम, पलटे आणि संगणक : ‘बोल प्रोसेसर’ची प्रस्तावना

तालवाद्यांसाठी बोलांच्या किंवा आघातांच्या नव्या रचना तयार करणारी संगणकीय साधने आज विपुल आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे काम एकाच धर्तीवर चालते : मात्रांची संख्या ठरवून द्यावी, कोणते आघात वापरायचे ते सांगावे, यदृच्छेला थोडाफार वाव ठेवावा, की हवे तितके नमुने क्षणार्धात समोर येतात. या विपुलतेचे फारसे अप्रूप वाटण्याचे कारण नाही, कारण मोजक्या घटकांची मोजक्या जागी मांडणी करून पाहणे हे गणिताच्या दृष्टीने प्राथमिक काम आहे. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो, आणि तो असा की तयार झालेल्या शेकडो नमुन्यांपैकी कोणता त्या संगीताचा आहे आणि कोणता नुसता त्याच्यासारखा दिसतो, हे कोणी व कशाच्या आधारे ठरवायचे. हा प्रश्न अग्रभागी ठेवून बांधलेली साधने फार थोडी आहेत. बेर्नार बेल आणि जेम्स किपन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात, लखनौ घराण्याच्या तबल्याच्या अभ्यासासाठी विकसित केलेला ‘बोल प्रोसेसर’ हे त्यांतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेले साधन होय, आणि प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने त्याच्याच अनुषंगाने केले आहे.

तालरचनांची पद्धतशीर निर्मिती ही कल्पना मात्र संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे ठिकाण महाराष्ट्रात आहे. देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे सिंघण राजाच्या काळात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. शार्ङ्गदेव राजदरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता, आणि ग्रंथाच्या तालाध्यायातील एक प्रकरण वाचताना त्याचा आकड्यांवरील हात स्पष्ट जाणवतो. या प्रकरणात तालप्रस्ताराचा, म्हणजे दिलेल्या कालावधीत तालाच्या अंगांच्या जितक्या मांडण्या शक्य आहेत तितक्या सर्व क्रमाने लिहून काढण्याचा, विचार केलेला आहे. द्रुत हे सर्वांत लहान अंग एक एकक धरले, तर लघू दोन, गुरू चार आणि प्लुत सहा एककांचा होतो. या चार अंगांनी एक एकक भरण्याची एकच रीत आहे, दोन एकके भरण्याच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या सहा, पाचच्या दहा आणि सहाच्या एकोणीस. पुढची संख्या मागच्या संख्यांच्या ठराविक बेरजेतून मिळत जाते, आणि बारा एककांपर्यंत पोहोचता पोहोचता ती ६१० होते. शार्ङ्गदेव गणतीपाशी थांबत नाही. प्रस्तारातील अमुक क्रमांकाच्या ओळीत कोणती मांडणी असेल हे सारा प्रस्तार न लिहिता काढण्याची रीत तो ‘नष्ट’ या नावाने देतो, आणि उलट, एखादी मांडणी हाती असता ती कितव्या ओळीत येईल हे काढण्याची रीत ‘उद्दिष्ट’ या नावाने. मांडणी तयार करणे आणि समोर आलेल्या मांडणीचे स्थान ओळखणे या दोन दिशा येथे सातशे-आठशे वर्षांपूर्वी वेगळ्या केलेल्या आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रस्ताराची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. त्यात येणारी प्रत्येक मांडणी सारख्याच अधिकाराने येते. एकोणिसांपैकी कोणती वाजवण्याजोगी, कोणती रूढ, कोणती सुंदर, याविषयी तो मूक असतो, कारण संपूर्ण यादी देणे हेच त्याचे प्रयोजन आहे. आधुनिक साधनांपैकी ‘युक्लिडीय ताल’ या नावाने प्रसिद्ध असलेली रीत याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. कॅनडातील संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड टुसाँ यांनी २००५ साली दाखवून दिले की, ठराविक जागांत ठराविक आघात शक्य तितक्या सारख्या अंतरावर वाटले, आणि त्या वाटणीसाठी महत्तम साधारण विभाजक काढण्याची युक्लिडची जुनी कृती वापरली, तर आफ्रिका, क्यूबा, बाल्कन प्रदेश अशा अनेक ठिकाणच्या पारंपरिक तालांचे सांगाडे आपोआप हाती लागतात. आठ जागांत तीन आघात वाटले तर तीन, तीन आणि दोन अशी अंतरे येतात, आणि हा क्यूबाच्या संगीतातील ‘त्रेसिल्यो’ होय. हे सूत्र सुंदर आहे, आणि आजच्या असंख्य तालयंत्रांत ते बसवलेलेही आहे. परंतु काही भारतीय ताल त्यात बसत नाहीत, आणि जे बसतात त्यांच्याविषयीही ते फारसे सांगत नाही, कारण तबल्याच्या वादनात आघात कुठे पडला याच्याइतकेच तो कोणत्या बोलाचा आहे याला महत्त्व असते. धा आणि ता एकाच जागी, एकाच क्षणी वाजू शकतात. त्यांतील भेद अंतरे मोजून कळत नाही.

हा भेद ज्या रचनाप्रकारात सर्वांत स्वच्छ दिसतो तो कायदा होय. कायदा म्हणजे मोजक्या बोलांची, तालाच्या खाली-भरीशी जुळणारी अशी बंदिश, जिचा विस्तार तिच्यातल्याच बोलांनी करायचा असतो. या विस्ताराच्या प्रत्येक पायरीला पलटा म्हणतात. तबल्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून जाणारा दिल्ली घराण्याचा कायदा उदाहरणादाखल घेता येईल : ‘धाधा तिट धाधा तिन्ना, ताता तिट धाधा धिन्ना’. पहिल्या अर्ध्यात आठ बोल आहेत आणि दुसऱ्यातही आठ. दुसरा अर्धा भाग पहिल्याचीच आवृत्ती आहे, परंतु त्याच्या आरंभी डग्ग्याचा घुमारा काढून घेतलेला आहे, म्हणून धाधाच्या जागी ताता आले. तिट या बोलात डग्ग्याचा घुमारा मुळातच नसल्याने तो तसाच राहिला. आणि पुढे घुमारा परत आल्यावर, पहिल्या अर्ध्याच्या अखेरीस जेथे तिन्ना होते तेथे आता धिन्ना येऊन समेकडे जाण्याची वाट मोकळी झाली. घुमारा असलेल्या भागाला भरी आणि नसलेल्या भागाला खाली म्हणतात, आणि तीनतालाच्या सोळा मात्रांतही नवव्या मात्रेवर जी खाली येते तिच्याशी कायद्याची ही घडण नाते राखून असते.

आता या कायद्याचा पलटा करायचा आहे असे मानू. ओळीची लांबी दुप्पट करून सोळा बोल घेतले, म्हणजे दोन-दोन बोलांचे आठ गट झाले, त्यांतील शेवटचे दोन, धाधा तिन्ना, ही ओळख पटवणारी शेपटी म्हणून कायम ठेवले, आणि उरलेल्या सहा जागांपैकी प्रत्येकीत धाधा किंवा तिट यांपैकी एक घातला, तर चौसष्ट ओळी तयार होतात. ‘धाधा तिट धाधा तिट, धाधा तिट धाधा तिन्ना’ ही त्यांतील एक असून ती कोणत्याही मैफलीत चालेल. सहाही जागी तिट घातलेली ओळसुद्धा त्या चौसष्टांतच आहे, आणि गणिताला तिच्यात काहीच वावगे दिसत नाही. परंतु तिच्यात कायद्याचा चेहरा उरत नाही, हे तालीम घेतलेल्या कानाला लगेच कळते. अवघड ओळी या दोन टोकांच्या मधल्या असतात. त्यांतील काही नियमाने बरोबर पण नीरस वाटतात, काही विलंबित लयीत शोभतात आणि दुगुनीत हाताला येत नाहीत, तर काही एका घराण्यात सहज स्वीकारल्या जातात आणि दुसऱ्यात खटकतात. गुरू शिष्याला हे ज्ञान क्वचितच नियमांच्या रूपात देतो. तो पलटे वाजवून दाखवतो, शिष्य स्वतःचे करून पाहतो, आणि ‘हे नाही, असे’ या दुरुस्तीतून वर्षानुवर्षे शिष्याच्या हातात एक व्याकरण तयार होत जाते, जे त्याला पाळता येते पण सांगता येत नाही.

नेमके हेच व्याकरण शब्दांत उतरवता येईल का, या जिज्ञासेतून बोल प्रोसेसरचा जन्म झाला. ब्रिटनमध्ये लोकसंगीतविद्येचे, म्हणजे संगीताचा समाजाच्या संदर्भात अभ्यास करणाऱ्या शास्त्राचे, शिक्षण घेतलेले किपन लखनौ घराण्याचे खलिफा आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. बेल हे मूळचे अभियंते आणि संगणकशास्त्रज्ञ, त्या काळी भारतात वास्तव्य करून होते. साधनाचा आरंभीचा हेतू साधा होता. संगणकाच्या कळफलकावरील एकेक कळ एकेका बोलाला नेमून दिली, म्हणजे वादन किंवा पढंत ऐकता ऐकता बोल टिपून घेता येत, आणि कागदावर लिहिण्याच्या मानाने ते काम पुष्कळ जलद होई. अॅपल कंपनीचा ‘टू सी’ हा हातात उचलून नेता येण्याजोगा संगणक यासाठी सोयीचा ठरला, कारण तो थेट उस्तादांच्या बैठकीत नेता येत होता. लखनौशी मराठी संगीतविचाराचे एक जुने नाते आहे, ते येथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही : विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली याच शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू केले, लखनौ घराण्याचे आबिद हुसेन खाँ तेथे तबल्याचे अध्यापन करीत, आणि मौखिक परंपरेला लिखित रूप देण्याचा भातखंड्यांचा आग्रह व बेल-किपन यांचा उद्योग एकाच प्रश्नाच्या दोन पिढ्या आहेत.

बोल टिपण्यापासून बोल तयार करण्यापर्यंतचा प्रवास भाषाशास्त्राच्या आधाराने झाला. १९५० च्या दशकात नोम चॉम्स्की यांनी रूढ केलेले औपचारिक व्याकरण म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हे ठेवण्याच्या नियमांचा संच होय. ‘पलटा’ या चिन्हाच्या जागी ‘आरंभ’ आणि ‘शेपटी’ ठेवावी, ‘आरंभ’ याच्या जागी तीन ‘जोड्या’ ठेवाव्यात, ‘जोडी’ याच्या जागी ‘धाधा तिट’ किंवा ‘तिट धाधा’ किंवा ‘तिट तिट’ ठेवावे, आणि ‘शेपटी’ म्हणजे ‘धाधा तिन्ना’, असे चार नियम लिहिले की पलट्यांचे एक छोटेसे व्याकरण तयार होते. या रीतीचा मोठा गुण असा की, पूर्वीच्या चौसष्ट ओळींपैकी आता सत्तावीसच उरतात, आणि ज्या वगळल्या गेल्या त्या कोणत्या नियमामुळे वगळल्या हे बोट ठेवून दाखवता येते. एकही जोडी ‘धाधा धाधा’ अशी असणार नाही, असे हे व्याकरण म्हणते. ते म्हणणे योग्य आहे की अतिरेकी, यावर मग उस्तादाशी बोलणे शक्य होते.

खाली-भरीचा प्रश्न साध्या व्याकरणाने सुटत नाही, आणि येथे बोल प्रोसेसरची सर्वांत मौलिक कल्पना पुढे येते. ओळीचा पहिला भाग एकदा ठरला की दुसरा भाग त्याचीच प्रतिकृती असायला हवी, परंतु साधे व्याकरण दोन्ही भाग स्वतंत्रपणे विस्तारते आणि त्यांचा मेळ राहत नाही. यासाठी बेल यांनी दोन प्रकारचे कंस योजले : एका कंसातील मजकूर मूळ मानला जातो, दुसऱ्या कंसातील मजकूर त्याची नक्कल, आणि मूळ कंसात जे काही घडेल ते नकलेत जसेच्या तसे घडते. नकलेच्या आधी ताऱ्याची खूण केली, तर त्या भागातील प्रत्येक बोल आपल्या खालीच्या रूपात बदलतो, म्हणजे धाचा ता, धिंचा तिं आणि गेचा के होतो, आणि ज्यांना खालीचे वेगळे रूप नाही ते बोल तसेच राहतात. वादकाच्या दृष्टीने हा रूपांतराचा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो की तो नियम आहे याची जाणीवही त्याला नसते. त्याला स्वतंत्र चिन्ह मिळाल्यामुळे कायद्याच्या घडणीचे वर्णन अर्ध्या लांबीत आणि दुप्पट स्पष्टतेने करता आले.

हे साधन दोन्ही दिशांनी चालते. व्याकरण दिले असता ते पलटे निर्माण करते, आणि पलटा दिला असता तो त्या व्याकरणातून निघू शकतो की नाही याची परीक्षाही करते. शार्ङ्गदेवाच्या नष्ट आणि उद्दिष्ट यांची आठवण येथे साहजिकच होते, फरक एवढाच की येथे ‘हा पलटा यादीतच नाही’ असे उत्तर मिळू शकते. लखनौतील प्रयोगाचा सारा कस या दुहेरी चालीत होता. यंत्राने केलेले पलटे आफाक हुसेन यांच्यासमोर ठेवले जात, आणि त्यांनी एखादा नाकारला तर व्याकरण फार सैल आहे असे समजून नियम आवळले जात. उलट त्यांनी स्वतः केलेला पलटा यंत्राने नाकारला तर व्याकरण फार घट्ट आहे असे समजून ते सैल केले जाई. या पद्धतीत पंडित आणि अभ्यासक यांचे नेहमीचे नाते बदलते. उस्ताद येथे माहिती पुरवणारा राहत नाही. अभ्यासकाने बांधलेल्या सिद्धान्ताचा तो परीक्षक होतो, आणि सिद्धान्त त्याच्याच भाषेत, म्हणजे बोलांत, त्याच्यासमोर मांडलेला असल्यामुळे त्याला संगणकाची किंवा भाषाशास्त्राची परिभाषा शिकावी लागत नाही. परंपरेच्या धारकाला मान देणारी इतकी सरळ रीत संगीतसंशोधनात विरळा आहे, आणि या साधनाचे मोल ठरवताना हीच बाब सर्वांत वर ठेवली पाहिजे.

नियम बरोबर असूनही पलटे नीरस निघतात, या अडचणीवर नियमांना वजने देण्याचा उपाय करण्यात आला. वजन म्हणजे एकाच चिन्हाला लागू पडणाऱ्या अनेक नियमांपैकी कोणता किती वेळा निवडला जावा याचे प्रमाण. पुढील आवृत्तीत हे वजन वापरागणिक घटवण्याचीही सोय आली : एखाद्या नियमाला ५० वजन देऊन प्रत्येक वापरानंतर ते १२ ने कमी करावे असे सांगितले, तर चार वापरांनंतर त्यात २ उरतात आणि पाचव्या वापरानंतर तो नियम बाद होतो. त्याच त्या जागेचा कंटाळा येऊ न देण्याचे वादकाचे भान अशा रीतीने, अगदी ढोबळपणे का होईना, आकड्यांत उतरले. व्याकरण हाताने लिहिण्याऐवजी उदाहरणांवरून आणि उस्तादाला विचारलेल्या प्रश्नांवरून यंत्रानेच ते बांधावे, असाही प्रयत्न बेल यांनी ‘कवाइद’ या नावाच्या स्वतंत्र आज्ञावलीद्वारे केला.

या साऱ्या उद्योगाच्या मर्यादा मोकळेपणाने सांगायला हव्यात. बोल हे वादनाचे पूर्ण चित्र नव्हे. एकच तिट दिल्लीच्या निकासाने, म्हणजे बोट ठेवण्याच्या रीतीने, वेगळा वाजतो आणि पूरब अंगाने वेगळा. डग्ग्यावर मनगटाने काढलेली मींड, चाटेवरचा आणि लवेवरचा नाद, लयीत किंचित मागे राहून पुन्हा सम गाठणे, यांपैकी काहीही बोलांच्या अक्षरांत येत नाही, आणि जे अक्षरांत येत नाही त्याचे व्याकरण या साधनाला करता येत नाही. दुसरी मर्यादा कायद्याच्या निवडीतच आहे. कायदा हा तबल्यातील सर्वांत नियमबद्ध प्रकार आहे, म्हणून तो व्याकरणाला वश होतो. पेशकारातील सैल, विचार करीत पुढे जाणारी मांडणी किंवा गतीतील कवित्व याच रीतीने पकडता येईल असे मानणे धाडसाचे ठरेल. बेल आणि किपन यांनी कायदाच घेतला हे त्यांच्या दृष्टीचे द्योतक आहे, परंतु त्या यशावरून सबंध तबल्याविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांनी जपून पावले टाकावीत. शिवाय परीक्षकाचा निर्णयही प्रसंगानुरूप बदलतो. रियाजाच्या बैठकीत चालणारा पलटा जाणकारांच्या मैफलीत तोच वादक टाळेल.

बोल प्रोसेसर लखनौपुरता राहिला नाही. मॅकिंटॉश संगणकासाठी बेल यांनी केलेल्या दुसऱ्या आवृत्तीत बोलांच्या जागी कोणतेही स्वर किंवा ध्वनी ठेवता येऊ लागले, निरनिराळ्या लांबीच्या ओळी एकाच कालावधीत एकमेकींवर बसवण्याची, म्हणजे तीनावर चार किंवा पाचावर सात अशा लयकारीची, सोय झाली, आणि पाश्चात्त्य रचनाकार व नृत्यकारही ती वापरू लागले. आता हे साधन मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे. रंगमंचावर प्रेक्षकांसमोर संगणकाची आज्ञावली लिहीत संगीत घडवण्याच्या प्रकारात आज सर्वाधिक रूढ असलेल्या साधनांपैकी एक असलेल्या ‘टायडलसायकल्स’चे कर्ते अॅलेक्स मॅक्लीन यांनी आपल्या लिपीवरील बेल यांच्या साधनाचे ऋण मान्य केले आहे. बेल यांचे पुढचे एक काम मराठी वाचकांच्या अधिक जवळचे आहे : पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या विशाल संग्रहाच्या ध्वनिमुद्रणात आणि संगणकीय नोंदणीत १९९० च्या दशकापासून त्यांचा मोठा वाटा आहे. बोलांची असो वा ओव्यांची, मौखिक परंपरा तिच्या धारकांच्या अटींवर नोंदवण्याची तीच दृष्टी दोन्ही कामांत दिसते.

महाराष्ट्रातील तबल्याच्या विद्यार्थ्यांना या साधनाचा उपयोग कोठे होईल, हे त्यांच्या नेहमीच्या पाठावरून सांगता येते. परीक्षेला बसणाऱ्याला ‘एक कायदा, चार पलटे आणि तिहाई’ हे सूत्र तोंडपाठ असते. त्यांपैकी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे, हे काम बरेचसे हिशेबाचे आहे : तीनतालात समेपासून उचलून पुढच्या समेवर संपवायची तर तुकड्याच्या मात्रांची तिप्पट आणि मधल्या विरामाची दुप्पट मिळून सतरा भरल्या पाहिजेत, म्हणून पाच मात्रांचा तुकडा घेतला तर विराम एका मात्रेचा आणि तीन मात्रांचा घेतला तर चारांचा येतो. हा हिशेब कोणतेही यंत्र करून देईल आणि त्याने करून दिल्यास बिघडत नाही. चार पलट्यांचे तसे नाही. ते पुस्तकातून पाठ केले जातात, आणि पाचवा पलटा मागितला तर हात थांबतो. अशा विद्यार्थ्याने यंत्राकडून पलटे घेण्यापेक्षा आपल्याला येणाऱ्या कायद्याचे व्याकरण स्वतः लिहून पाहावे, त्यातून निघालेल्या ओळी हातावर घ्याव्यात, ज्या खटकतील त्या गुरूंसमोर वाजवाव्यात, आणि गुरूंनी नाकारलेली प्रत्येक ओळ कोणत्या नियमातून आली याचा माग काढून तो नियम बदलावा. पुढील प्रकरणांत दिलेली व्याकरणे याच क्रमाने रचली आहेत, आणि प्रत्येकासोबत नाकारलेल्या ओळीही छापल्या आहेत.